आययूआय, ऑपरेशन की थेट इक्सी? नवऱ्याचा रिपोर्ट कमी आला असेल तर

इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी 22 वर्षं वीर्य तपासणीच्या टेबलावर बसलो. आता निवृत्त आहे, पण रामबागेतली, सुदामानगरातली ओळखीची जोडपी अजून फाईल घेऊन घरी येतात. प्रश्न ठरलेला असतो, "काका, आययूआय करू, ऑपरेशन करू, की सरळ टेस्ट ट्यूब बेबी?" औषधोपचार डॉक्टरच ठरवतील. कोणत्या वाटेला काय मोजावं लागतं आणि हाती काय येतं, एवढं मी सांगू शकतो.

आधी रिपोर्ट खरा आहे का ते बघा. एका जानेवारीत महूहून एक मुलगी नवऱ्याचं सॅम्पल घेऊन आली. बसने आलेली, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली डबी. घरून निघून पावणेदोन तास झाले होते आणि डबी हाताला गार लागत होती. मायक्रोस्कोपखाली शंभरात 8 शुक्राणू हलत होते. तो रिपोर्ट आमच्याच लॅबमधून बाहेर गेला आणि त्यावर तिला कुणीतरी इक्सीचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्याच एका पद्धतीचं, पॅकेज सांगितलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या महिन्यात मी हट्टाने नवऱ्याला बोलावून घेतलं. चार दिवसांचं अंतर ठेवून त्याने लॅबमध्येच सॅम्पल दिलं, तेव्हा शंभरात 44 हलत होते.

म्हणून संबंधांत 2 ते 7 दिवसांचं अंतर, सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच आणि काही आठवड्यांनी दुसरी तपासणी, हे झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण 70-75 दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी आलेला डेंगी किंवा टायफॉइडचा ताप आजच्या काउंटमध्ये, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येत, दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेचे 2021 चे आकडे असे आहेत: एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हलणारे 42 टक्के, नीट आकाराचे 4 टक्के. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांमधली ही सगळ्यात खालची पायरी आहे. त्याखाली आलात म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. आकार "फक्त 5 टक्के" वाचून रडवेले झालेले तरुण मी पाहिलेत. 5 टक्के म्हणजे नॉर्मल.

आता आययूआय आणि इक्सी शेजारीशेजारी ठेवून बघू. आययूआयमध्ये वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्राणू गर्भाशयात सोडतात, पुढचं काम निसर्गावर. त्यामुळे बायकोची निदान एक बीजवाहक नळी मोकळी हवी आणि धुतल्यानंतर हलणारे शुक्राणू पुरेसे हवेत. माझ्या दृष्टीने निर्णयाचा आकडा हाच, धुतल्यानंतरचा, आणि तो बहुतेक जोडपी विचारतच नाहीत. 50 लाखांच्या वर असेल तर आययूआयला अर्थ आहे, 10 लाखांच्या खाली असेल तर पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात. खर्च हजारांत, भूल लागत नाही. पण एका खेपेला शंभरात साधारण दहा-पंधरा जणींनाच दिवस जातात. तीन-चार खेपांनंतरही यश नसेल तर त्याच दारात उभं राहू नये.

इक्सीत बायकोच्या एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. 1992 मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी या पद्धतीच्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या. काउंट अगदीच तुटपुंजा असेल तर खरा आधार हाच. खर्च मात्र लाखाच्या वर जातो आणि कमतरता नवऱ्याची असली तरी इंजेक्शनं बायकोच्या पोटात, दहा-बारा दिवस रोज, मग भूल देऊन बीजं काढणं. हे नवऱ्याने नीट समजून घ्यायला हवं. शिवाय इक्सी फक्त बीज आणि शुक्राणू एकत्र येण्याची अडचण सोडवते. पुढे गर्भ टिकणं बरंचसं बायकोच्या वयावर असतं आणि पस्तिशीनंतर यश उतरत जातं. वीर्य नॉर्मल असेल तर साध्या आयव्हीएफपेक्षा (ज्यात बीज आणि शुक्राणू लॅबमध्ये नुसते एकत्र ठेवतात) इक्सीने जास्त मुलं होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तरीही पॅकेजमध्ये इक्सी धरलेली असेल तर कारण विचारा.

ऑपरेशनचा प्रश्न व्हेरिकोसीलमध्ये येतो, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असतात, बहुधा डाव्या बाजूला. शंभरातल्या साधारण 15 पुरुषांना ते असतं, मूल होत नसलेल्या पुरुषांत प्रमाण 35 ते 40. गाठ हाताला लागत असेल आणि काउंटही कमी असेल तर ऑपरेशन उपयोगी पडतं. नुसतं सोनोग्राफीत दिसलं म्हणून करू नये. फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. बायको 28 वर्षांची असेल तर मी ऑपरेशनच्या बाजूने बोलतो: नवऱ्याचं दुखणं नवऱ्यावरच बरं होतं आणि दुसऱ्या मुलाच्या वेळीही उपयोग होतो. ती 37 वर्षांची असेल तर ते सहा महिने परवडत नाहीत, इक्सीचा विचार आधी करावा. पण यासाठी नवऱ्याला युरोलॉजिस्टकडे जावं लागतं. बायकोच्या सतरा तपासण्या होतात आणि नवऱ्याला एकदाही कुणी हात लावून तपासलेलं नसतं, हे मी फार पाहिलं.

कोणतीही वाट धरा, तीन महिने आधी काही गोष्टी सोडा. अंडकोषाला शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं. सराफ्यात भट्टीपुढे किंवा पीथमपूरला फर्नेसवर उभं राहणाऱ्याने जमल्यास पाळी बदलून घ्यावी. जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. त्या इंजेक्शनांनी शुक्राणू तयार होणंच बंद पडतं. तंबाखूही सोडा.

रिपोर्ट शून्य आला तर हिशेबच बदलतो. शुक्राणू तयार होतात पण रस्ता बंद आहे, असं असेल तर ते अंडकोषातून सुईने काढून इक्सी करता येते. मुळात तयारच होत नसतील तर आधी हार्मोन, गुणसूत्रं आणि वाय गुणसूत्राची तपासणी. वाय गुणसूत्राचा एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गायब असेल तर शुक्राणू शोधायचं ऑपरेशन करू नये, काही सापडत नाही. फक्त एझेडएफ-सी हा भाग गायब असेल तर शुक्राणू सापडू शकतात, पण मुलगा झाला तर तोच दोष त्याच्यात उतरतो. दात्याचे शुक्राणू हा पर्याय 2021 च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणा) कायद्यानुसार नोंदणीकृत बँकेतूनच घ्यायचा आणि त्याला नवरा-बायको दोघांची लेखी संमती लागते. त्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका. घरी न्या, दोघंच बसा, महिनाभर बोला.