छताचा बोल्ट: सिमेंट की रेझिन?

डिचोलीचा माझा भाचा चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत रुजू झालाय. आपल्या गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी उघड्या, डोक्यावर छतच नाही. म्हणून त्याला प्रश्न पडला: छत सुटू नये म्हणून भोक पाडून त्यात बसवतात त्या पोलादी सळईला, म्हणजे बोल्टला, पक्कं धरायला सिमेंटची कॅप्सूल (भोकात सरकवायची पुडी) की रेझिनची, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाची?

सिमेंट स्वस्त, हे खरं. पण आधी वेळ बघावा. बोगदा खणताक्षणी भोवतीच्या खडकातला ताण बदलतो, थर सुटू लागतात, भेगा वाढतात. सिमेंटची कॅप्सूल बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवायची, नंतर पकड यायला तास लागतात. रेझिन बोल्ट फिरवताच मिसळतं, मिनिटांत भार घेतं. भोकातून पाणी गळत असेल तर सिमेंट धुपतं. रेझिन उन्हात ठेवलं तर खराब होतं, एवढं जपावं.

कोरडं, टणक छत असेल तर सिमेंट चालेल. ताज्या खोदाईच्या तोंडाशी, भेगाळलेल्या छताखाली रेझिनच मागायचं, हट्टाने.