कानातल्या आवाजावर गोळी न देणारा दवाखाना

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागातील कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात वडिलांच्या टिनिटसवर, म्हणजे कानात सतत वाजणाऱ्या शिट्टीसारख्या आवाजावर, उपचार चालू आहेत. बसायला जागा अपुरी आहे आणि वाटही बरीच पाहावी लागते. तरीही दाद द्यावीशी वाटते ती डॉक्टरांनी औषध न लिहिण्याबद्दल. आधी दुसरीकडे बीटाहिस्टिन आणि जिन्कोच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी खिसा तेवढा हलका झाला. बीटाहिस्टिन मेनिएर या कानाच्या आजारातील चकरांसाठी दिले जाते, पण नुसत्या टिनिटसवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, हे येथे शांतपणे समजावण्यात आले. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही जिन्को, मेलाटोनिन (झोपेशी संबंधित संप्रेरक) आणि जस्त यांची टिनिटसवर शिफारस करू नये, असेच म्हटले आहे. उलट ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने असा आवाज सुरू होऊ शकतो, म्हणून वडिलांच्या सगळ्या चालू गोळ्या मागवून तपासण्यात आल्या. ही काळजी क्वचितच कोणी घेते. श्रवणचाचणीत उंच स्वर कमी ऐकू येत असल्याचे दिसल्यावर श्रवणयंत्र सुचवले गेले आणि कोणत्याही कंपनीचा आग्रह धरला गेला नाही. यंत्र लावल्यावर आवाज थांबत नाही, पण वडिलांचे त्याकडे लक्ष कमी जाते. आवाजाचा त्रास कमी वाटावा म्हणून विचार-सवयी बदलायला शिकवणाऱ्या वर्तनोपचारासाठी समुपदेशक मात्र आम्हालाच शोधावा लागला. ती सोय दवाखान्याने करायला हवी.