पेटारा घेऊन कुठे जावं: बंगळूर की मुंबई?

कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि मालिकांच्या चाहत्यांच्या मेळ्याला, गोव्यातून जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो गावाचा. सुरुवात २०११ साली दिल्लीला झाली, पण दोन दिवसांसाठी दिल्ली गाठणं नोकरीवाल्याला जमत नाही. आमच्यापुरती निवड बंगळूर आणि मुंबई एवढीच होती. आम्ही चौघे मित्र दोन्हीकडे जाऊन आलो आहोत आणि दोन्ही वेळा आवडत्या पात्रांच्या पूर्ण वेशात गेलो. यंदा पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पास कसा काढायचा, आत काय काय असतं, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

आमची मालिका स्टार ट्रेक, अंतराळयानावरच्या माणसांची अमेरिकन मालिका. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती लागायची, आणि आमच्या वाड्यावरची सगळी पोरं टीव्ही असलेल्या एकाच घराच्या सोप्यावर जमायची. त्यातले आम्ही चौघे अजून एकत्र आहोत. या मालिकेच्या चाहत्यांचं पहिलं मोठं संमेलन १९७२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात भरलं होतं. काही शे लोक येतील असा आयोजकांचा अंदाज होता, आले तीन हजारांहून जास्त. आपल्यासारखं वेड असलेली इतकी माणसं आहेत, हे लोकांना तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. आम्हीही त्याचसाठी जातो.

या बाबतीत बंगळूरला पैकीच्या पैकी गुण. मी निळा सदरा घालून, म्हणजे मालिकेतल्या विज्ञान विभागाच्या गणवेशात, जेमतेम दहा पावलं चाललो असेन, तर समोरून एका मुलीने बोटांची फट करून मालिकेतल्या व्हल्कन लोकांचा नमस्कार केला. तिच्यासोबत तिचे वडील होते, आमच्याच वयाचे, त्यांनीही दूरदर्शनवरच पाहिलेली. अर्धा तास आम्ही तिथेच उभे राहून बोललो. मुंबईत असं कमी झालं. तिथे आमच्या आजूबाजूला सगळी जपानी ॲनिमेची पोरं होती, नारुतो आणि वन पीसची. कौतुक त्यांनीही खूप केलं, पण आम्ही कोण हे सांगावं लागत होतं. आम्ही गेलो त्या वेळी बंगळूरची हवाही सुखाची होती. मुंबईत एप्रिलचा उकाडा होता, आणि मुखवट्याच्या आत घाम कसा धरतो ते ज्याने घातलाय त्यालाच कळतं.

मुखवट्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आमचा निर्णय त्याच्यामुळेच झाला.

आमच्यातला म्हापशाचा मित्र लहानपणापासून दिवाळीचा नरकासुर करतो. चतुर्दशीच्या पहाटे जळून जाणाऱ्या मुखवट्यासाठी महिनाभर राबणारा माणूस. त्याने वर्फ व्हायचं ठरवलं. वर्फ हा १९८७ साली सुरू झालेल्या नेक्स्ट जनरेशन या पुढच्या स्टार ट्रेक मालिकेतला क्लिंगॉन, म्हणजे परग्रहावरच्या जमातीचा, योद्धा, ज्याच्या कपाळावर हाडांचे कंगोरे असतात. मित्राने ते कपाळ कागदाच्या लगद्याचं केलं. मातीच्या साच्यावर थरावर थर, प्रत्येक थर उन्हात वाळवून, मधला कणा वेताच्या कामट्यांवर उभारून. सोबत बॅटलेथ, म्हणजे क्लिंगॉन लोकांची दोन्ही हातांनी धरायची वाकडी तलवार, फोमची, दोन तुकड्यांत खोलता येणारी. तो म्हणाला होता, “आजवर केलेलं सगळं जळालं, हें मात्र सांबाळून दवरतलों.” म्हणजे जपून ठेवणार.

बंगळूरला आम्ही बसने गेलो. वास्कोहून यशवंतपूरला रेल्वे आहे, पण ती रात्री सुटून पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार होते आणि शनिवार निम्मा जातो. म्हणून पणजीहून संध्याकाळची खाजगी स्लीपर बस धरली. खोकं बर्थवर चढेना. क्लीनर म्हणाला, डिकीत ठेवतो, काही होत नाही. आम्ही ठेवू दिलं. वाटेत एका थांब्यावर डिकी उघडल्याचा आवाज आला, आणखी पार्सलं चढली. मित्र उठून बसला, पण खाली उतरेपर्यंत बस हलली होती. उरलेली रात्र तो पडदा बाजूला करून नुसता बसून होता. मी बघत होतो, पण त्याला काय सांगणार?

सकाळी खोकं निघालं ते एका बाजूने चेपलेलं. कपाळाच्या मधल्या कण्याला वरपासून भुवईपर्यंत चीर. लॉजवर फेव्हिकॉल आणि टिश्यू पेपर लावून हेअर ड्रायरने वाळवण्यात दुपारचा एक वाजला. त्यानंतर कॉमिक कॉन असतं ते व्हाइटफील्ड गाठायचं. मॅजेस्टिकवरून मेट्रोने तासाभराचा रस्ता. म्हणजे रेल्वेने गेलो असतो तरी तेवढाच वेळ हातात राहिला असता. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत ती चीर दिसते.

बस सगळ्यांचीच अशी असते असं मी म्हणणार नाही. नुसता टी-शर्ट घालून जाणार असाल तर बस उत्तम आहे, आणि माणसांसाठी म्हणाल तर बंगळूर मी आजही वर धरेन.

मुंबईला मात्र रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस आहे. मी करमळीला चढलो, बाकीचे थिवीला. बॅटलेथचे दोन तुकडे बर्थखाली आडवे गेले, मुखवट्याचं खोकं त्यांच्या शेजारी. दर स्टेशनाला मित्र खाली वाकून मोबाइलच्या उजेडात बघायचा आणि परत पडायचा. कुडाळला एक आजी चढल्या, त्यांनी विचारलं, “दशावतारातले काय रे तुमी?” आम्ही खोकं उघडून दाखवलं. त्यांच्या सोबतच्या माणसाने मुखवटा दोन्ही हातांनी उचलला, आतून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, पोकळी अशी रिकामी ठेवू नका, जुनं लुगडं कोंबा, मग दाबलं तरी बसत नाही. आमच्याकडे लुगडं नव्हतं, दोन टॉवेल कोंबले. तो सल्ला आम्हाला बंगळूरच्या आधी मिळायला हवा होता.

पहाटे ठाण्याला उतरलो. आतेबहिणीकडे आंघोळ, पोहे, मग लोकलने कुर्ला आणि तिथून रिक्षाने बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबईचं कॉमिक कॉन तिथे होतं. हॉल उघडताना आम्ही दारात होतो आणि कपाळावर ओरखडासुद्धा नव्हता. परतीची गाडी सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते, त्यामुळे रविवारी शेवटचा कार्यक्रम संपेपर्यंत थांबता येतं, वर ठाण्याला जाऊन गरम जेवताही येतं. सोमवारी अर्धी रजा टाकली की काम भागतं.

खर्चाचं म्हणाल तर नातेवाईक असतील तिथे स्वस्त. गोव्यातल्या बहुतेक घरांचं कोणी ना कोणी मुंबईत असतंच, त्यामुळे तिथेही पारडं मला मुंबईकडे झुकलेलं वाटतं. तुमचं कोणी बंगळूरला असेल आणि सामान हलकं असेल तर गणित बदलेल.

मुंबई ठरवलीत तर आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा, कोकणकन्या लवकर भरते. लोअर बर्थच मागा. आणि बर्थखालची उंची आधी मोजून मगच खोकं करा. आमचं दोन बोटं जास्त निघालं होतं, गाडी थिवीला उभी असताना ब्लेडने झाकण कापावं लागलं.