लांब पल्ल्याची खासगी बस: आसने उत्तम, देखभाल भरवशाची नाही

मार्ग खासगी कंपन्यांना खुला झाल्यानंतर सुरू झालेल्या एका रात्रीच्या बससेवेविषयी हे लिहीत आहे. आसने ऐसपैस आहेत, गाडी वेळेवर सुटते आणि तिकीट मोबाइलवर सहज मिळते. स्पर्धेमुळे प्रवाशांची ही सोय झाली, हे मान्य करायलाच हवे. माझी तक्रार गाडीच्या देखभालीविषयी आहे.

मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरची नक्षी पार झिजलेली होती आणि बाहेरचा टायर नवा असल्यामुळे वाकून पाहिल्याशिवाय ते कोणाच्या लक्षातही आले नसते. काच फोडायच्या हातोडीची जागा रिकामी होती, तर संकटकालीन दरवाज्यासमोर पार्सलची खोकी रचलेली होती. शेवटची तपासणी कधी झाली, असे विचारल्यावर चालक म्हणाले, "काही वाजायला लागलं की गॅरेजला लावतो." म्हणजे ठरावीक किलोमीटर झाले की ब्रेकचे लायनर आणि स्टिअरिंगचे सांधे तपासायचे, ही शिस्तच तिथे नाही. तिकीट काढणाऱ्याला भाडे दिसते, झिजलेले लायनर दिसत नाही. त्यामुळे भाडे कमी करण्याच्या चढाओढीत पहिली कात्री लागते ती कार्यशाळेच्या खर्चाला.

मार्गांवरचे नियंत्रण उठले म्हणून तपासणीही उठावी, असे थोडेच आहे? ब्रिटनमध्ये २६ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडनबाहेरची स्थानिक बससेवा खुली झाली, तेव्हा मार्ग आणि भाडे ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. तरी परवाना हवा असेल तर गाड्यांच्या देखभालीची नीट व्यवस्था असलीच पाहिजे, ही अट कायम राहिली. तिथल्या रेल्वेचे खासगीकरण करताना मात्र लोहमार्गाची मालकी एका कंपनीकडे आणि देखभाल कंत्राटदारांकडे गेली. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डजवळ रूळ तुटून गाडी घसरली आणि चार जण दगावले. त्या रुळाला तडे गेल्याचे आधीच ठाऊक होते, बदलायचा रूळही शेजारी आणून ठेवलेला होता, तरी तो बसवला गेला नव्हता. अखेर २००३ मध्ये, त्या कंपनीच्या जागी लोहमार्गाची मालक झालेल्या नेटवर्क रेलने देखभालीचे काम स्वतःकडे घ्यायचे ठरवले.

या सेवेला पाचपैकी दोन गुण देतो, तेही आसने आणि वक्तशीरपणा यांसाठी. कंपनीने खोकी तातडीने हलवावीत, आतले टायर बदलावेत आणि गाडीच्या शेवटच्या तपासणीची तारीख दारापाशी लावावी. एवढे होईपर्यंत घरच्या कोणालाही या गाडीने जायला मी सांगणार नाही.