ग्रेट सर्कल मॅपर: अंतर बिनचूक, वेळ मात्र डोकं लावून काढायची

दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या साइट्स पैशाला पासरी आहेत. त्यातल्या बऱ्याच साइट्स अंतराला ताशी ८०० किमीच्या आसपासच्या ठरावीक वेगाने भागतात, वर अर्धा तास चढवतात आणि 'प्रवासाचा वेळ' म्हणून छापून मोकळ्या होतात. जातानाही तेवढाच आणि येतानाही तेवढाच! ग्रेट सर्कल मॅपर हा उद्योग करत नाही, म्हणून ती मला या सगळ्यांत उजवी वाटते.

वापर फुकट आहे. चौकटीत विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे: बीओएम-एलएचआर. चार अक्षरी कोडही चालतात. मुंबई ते लंडन हीथ्रो सुमारे ७,२०० किमी येतं आणि नकाशावर वाट वाकडी दिसते. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर कमानीसारखीच दिसणार.

आता खरी गंमत. ही कमान पाकिस्तानवरून जाते आणि एप्रिल २०२५ मध्ये ती हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद झाली. म्हणून मध्ये मस्कत घालून बघा: बीओएम-एमसीटी-एलएचआर. अंतर जेमतेम २०० किमीने वाढतं, म्हणजे फार तर पंधरा मिनिटं. हेच दिल्लीहून केलं तर हजार किमीहून जास्त वाढतात. मुंबईकरांना या बंदीची झळ दिल्लीकरांपेक्षा कमी का बसली, ते इथे दोन ओळींत कळतं. विमान नेमकं मस्कतवरूनच जातं असं नव्हे, पण अंदाजाला एवढं पुरतं.

वेळेसाठी वेगाचा रकाना आहे. त्यात भरायचा तो जमिनीच्या सापेक्ष वेग, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते. मोठं जेट हवेत ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं, पण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. लंडनला जाताना वारा समोरून, म्हणून ४५० नॉट (ताशी सुमारे ८३० किमी) धरा, परतताना ५०० (सुमारे ९२५ किमी). आलेल्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं आणि रांग यांसाठी पाऊण तास मिळवा. जाताना साधारण पावणेदहा तास, येताना पावणेनऊ. वेळापत्रकाशी हे बऱ्यापैकी जुळतं. हिवाळ्यात वारे जोर धरतात, तेव्हा हा फरक आणखी वाढतो.

वाऱ्याचा हिशेब किती मोठा असतो याचा दाखला एअर इंडियाने २०१६ मध्ये दिला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून वारा पाठीशी घेऊन नेलं. वाट सुमारे १,४०० किमीने लांबली, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा लवकर.

साइटचं रूप जुनाट आहे, मोबाइलवर रकाने बारीक दिसतात. स्थानिक वेळेतला फरक वेगळा धरायचा: लंडनशी हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. आणि गोव्याचा कोड टाकताना सांभाळा, जीओआय म्हणजे दाबोळी, मोपाचा जीओएक्स. उत्तर सुरुवातीला मैलांत येतं. एकक बदलून किलोमीटर करून घ्या, नाहीतर ४,४८० हा आकडा किमी समजून पुढचं सगळं गणित चुकेल.