व्हिक्टोरियन टेरेस घर मागे वाढवलं: हिवाळा-उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये आमचं १८९० च्या दशकातलं टेरेस घर आहे, म्हणजे एका ओळीत एकमेकांना जोडलेल्या घरांपैकी एक. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, पुढे बसायची खोली, मध्ये एक खोली आणि मागे चिंचोळं स्वयंपाकघर. स्वयंपाकघर आणि शेजारची हद्द यांच्यामध्ये एक बोळ सुटलेला असतो, त्याला इथे साइड रिटर्न म्हणतात. तो आत घेऊन स्वयंपाकघर रुंद करायची पद्धत इकडे सर्रास आहे. आम्हीही तेच केलं.

आधी मधल्या खोलीबद्दल सांगते, कारण त्याबद्दल कोणी बोलतच नाही. तिची एकुलती एक खिडकी त्या बोळातच उघडते. बोळ पूर्ण झाकला की दिवसाढवळ्या दिवा लावायची पाळी. ओळखीतली काही घरं बघितली, तिथे ही खोली सामान टाकायची जागा झाली होती. म्हणून आम्ही खिडकीपुढचा दीडेक मीटरचा तुकडा उघडाच ठेवला, वाड्याच्या चौकासारखा. बिल्डर म्हणत होता, जागा फुकट जाईल. मी म्हणेन, सगळ्या कामात पैसे खऱ्या अर्थाने सार्थकी लागले ते इथेच. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, तरी दुपारी त्या खोलीत दिव्याशिवाय वाचता येतं. लेक तिथेच अभ्यासाला बसते. उन्हाळ्यात कढीपत्त्याची कुंडी चौकात असते. पानगळीत तिथली गटाराची जाळी मात्र सारखी साफ करावी लागते, नाहीतर पाणी तुंबतं.

परवानगीचं थोडक्यात. टेरेस घराला मागे ३ मीटरपर्यंत एकमजली वाढ सहसा नियोजन परवानगीशिवाय करता येते. पण बोळ भरताना मोजमाप मधल्या खोलीच्या मागच्या भिंतीपासून धरतात, त्यामुळे ३ मीटर सहज ओलांडले जातात. आम्ही रीतसर अर्ज केला. शिवाय १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्यांना लेखी नोटीस द्यावी लागते: सामाईक भिंतीच्या कामाला दोन महिने आधी, त्यांच्या घराच्या पायाजवळ खोदायचं तर एक महिना. नोटीस पाठवण्याआधी नकाशे घेऊन शेजारच्या आजींकडे जाऊन बसलो, त्याचा फार उपयोग झाला. पाया अपेक्षेपेक्षा खोल न्यावा लागला. लंडनची चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि ओली झाली की फुगते, त्यामुळे बांधकाम तपासनीस इथे हयगय करू देत नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी. बिल्डरने जुन्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले. ही भिंत भरीव, नऊ इंची, मध्ये पोकळी नाही. तिच्यात मुरलेली ओल सांध्यांतल्या चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद केली आणि फेब्रुवारीत आतलं प्लास्टर फुगून हाताला भुसभुशीत लागायला लागलं. सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरून घेतला. भिंत आता वाळतेय, रंग अजून दिलेला नाही. करारातच चुन्याचा उल्लेख करून घ्या.

छताच्या काचांनी उजेड भरपूर येतो, पण जुलैच्या उकाड्यात खोली तापते. उघडणाऱ्या काचा घेतल्या म्हणून निभावलं. पैसे वाचवायला बंद काचा घेऊ नका.

स्वयंपाकघर आणि जेवायची जागा एकत्र झाली, ते आम्हाला मनापासून आवडलंय. गणपतीला सगळे जण एका पंगतीत बसले. फोडणीचा विचार मात्र आधी करा. धुरांड्याचा पाइप थेट बाहेर काढा, हवा गाळून परत आत सोडणारा पंखा मिरचीच्या ठेच्यापुढे टिकत नाही. पॅसेजकडचं दार काढून टाकायचा सल्ला मिळाला होता, तो आम्ही मानला नाही. दारामुळे वास पॅसेजमध्ये टांगलेल्या कोटांपर्यंत जात नाही. पुढे माळ्यावर खोली काढायची आहे, तेव्हा जिन्याला आगीपासून संरक्षण लागेल, म्हणून ते दार आत्ताच आगरोधक बसवून घेतलंय.