धातूच्या खोलीत अनरियलचं लुमेन: कुठे चालतं, कुठे फसतं

खेळ बनवण्याचं सॉफ्टवेअर अनरियल इंजिन, त्याची पाचवी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली आणि लेव्हल डिझायनरचं एक किचकट काम सुटलं: खोलीखोलीत रिफ्लेक्शन कॅप्चरचे, म्हणजे आसपासचं प्रतिबिंब आधीच टिपून ठेवणारे, गोळे आणि पेट्या मांडत बसणं. लुमेन ही इंजिनमधली प्रकाश आणि प्रतिबिंब खेळ चालू असतानाच काढणारी यंत्रणा; ती चालू असली की अपारदर्शक पृष्ठभागांना प्रतिबिंब चालू दृश्यातूनच मिळतं. दार उघडलं की स्टीलच्या भिंतीतलं दारही उघडतं. कॅप्चरमध्ये ते बिल्डच्या वेळी होतं तसंच गोठलेलं राहायचं. त्यात कॅप्चरचं मूळ रिझोल्यूशन १२८, म्हणजे आरशासारखी प्लेट धुरकट दिसणार, आणि ते ५१२ केलं की मेमरी सोळापट. हा ताप गेला, यासाठी लुमेनला चार तारे. पाचवा मात्र देववत नाही.

लुमेनवर खापर फोडण्याआधी मटेरियल तपासा. मेटॅलिक, म्हणजे पृष्ठभाग धातूचा आहे की नाही हे सांगणारी किंमत, एकतर ० किंवा १. मधल्या किमती फक्त गंज आणि उघड्या धातूच्या सीमेवर. रंग, धूळ, गंज हे धातू नव्हेत, तिथे ०. बेस कलर (मूळ रंग) लिनियर किमतीत, लाल, हिरवा, निळा या क्रमाने द्या: लोखंडाला ०.५६, ०.५७, ०.५८, अॅल्युमिनियमला ०.९१, ०.९२, ०.९२, तांब्याला ०.९५, ०.६४, ०.५४. ‘काळपट स्टील’ हवं म्हणून बेस कलर ०.१ वर आणला की धातू मरतो, ओलं डांबर दिसू लागतं. स्पेक्युलरचा (अधातूंच्या चकाकीचा) स्लायडर मेटॅलिक १ असताना काहीच करत नाही, त्याच्याशी खेळू नका.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक एका टिकमार्कची आहे. रफनेसच्या (खरबरीतपणाच्या; ० म्हणजे आरसा) टेक्स्चरवर एसआरजीबी, म्हणजे रंगीत चित्रांसाठीचं रूपांतर, चालू राहिलं तर ०.५ ची किंमत साधारण ०.२१ अशी वाचली जाते आणि घासलेलं स्टील एकदम क्रोम होऊन बसतं. कॉम्प्रेशन ‘मास्क्स’ करा, एसआरजीबी बंद ठेवा. शिवाय रफनेस एकसारखा नको. ०.२५ च्या आसपास ०.०५ ते ०.१ ची वरखाली, हाताळलेल्या जागी पुसट डाग, कोपऱ्यात थोडा जास्त खरबरीतपणा, एवढं असलं तरच डोळा ‘धातू’ म्हणतो. कडांना अर्धा ते एक सेंटिमीटर बेव्हल (तिरका उतार) द्या. काटकोनी धारेवर प्रकाश थांबायला जागाच नसते.

आता लुमेन. रफनेस साधारण ०.४ च्या वर गेला की ते प्रतिबिंबासाठी वेगळे किरण सोडत नाही, पसरलेल्या प्रकाशाच्या हिशोबावरच भागवतं. ०.२५ ते ०.४ हा पट्टा त्याला उत्तम जमतो: कारखान्याच्या नळ्या, लिफ्टची दारं, जहाजाचे कॉरिडॉर.

०.१ च्या खाली गेलात की सॉफ्टवेअर ट्रेसिंग, म्हणजे कार्डाच्या खास रे ट्रेसिंग सोयीशिवाय किरणांचा माग काढणं, उघडं पडतं. ते आधी पडद्यावर जे दिसतंय तेच वापरतं; तिथे नसलं की डिस्टन्स फील्ड (वस्तूंचा ढोबळ आकार) आणि सरफेस कॅश (पृष्ठभागांचा साठवलेला रंग-प्रकाश) यांतली ढोबळ आवृत्ती. दोन्हींचा सांधा कॅमेरा खाली झुकवला की स्पष्ट दिसतो. स्केलेटल मेश, म्हणजे सांगाड्यावर हलणारी पात्रं, डिस्टन्स फील्डमध्ये नसतात, त्यामुळे थर्ड पर्सन खेळात क्रोमच्या भिंतीसमोर उभा असलेला नायक स्वतःच्याच प्रतिबिंबातून गायब होतो. भुताच्या खेळासाठी ठीक आहे, इतरांनी जपून.

सरफेस कॅशचा व्ह्यू मोड उघडून बघा. गुलाबी दिसणाऱ्या भागाला कॅशच मिळालेली नाही, प्रतिबिंबात तो काळा पडतो. याचं कारण बहुधा अख्खी खोली एकच मेश म्हणून आणलेली असते. भिंती, जमीन, छत वेगळे तुकडे करा, आणि भिंत १० सेंटिमीटरपेक्षा पातळ ठेवू नका, नाहीतर प्रकाश गळतो.

खरंच आरसा हवा असेल तर हार्डवेअर रे ट्रेसिंग आणि त्यात हिट लाइटिंग (किरण जिथे आदळतो तिथलाच प्रकाश काढणं). मग प्रतिबिंबात खरं मटेरियल आणि नायक दोन्ही येतात, पण महाग पडतं आणि खेळणाऱ्याकडे तसं ग्राफिक्स कार्ड लागतं. मोठ्या सपाट प्लेटवर प्रतिबिंब पायऱ्यापायऱ्यांनी तुटत असेल तर दोष लुमेनचा नाही. पृष्ठभागाची दिशा कमी अचूकतेने साठवली जाते, म्हणून प्रोजेक्ट सेटिंगमधला जी-बफर फॉरमॅट ‘हाय प्रिसिजन नॉर्मल्स’वर न्या आणि मेशवर हाय प्रिसिजन टॅन्जंट बेसिस लावा.

आणि हे सगळं नीट करूनही धातू करडा, निर्जीव दिसला तर खोलीकडे बघा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चारही बाजूंना तीच करडी भिंत असेल तर धातू करडंच दाखवणार. समोर लांबट रेक्ट लाइट (आयताकृती दिवा), एखादी उजळ खिडकी, मध्ये गडद खांब अशी उजेड-अंधाराची फारकत ठेवा. पॉइंट लाइटची सोर्स रेडियस ० सोडू नका, चकाकीचा नुसता ठिपका उरतो. एमिसिव्ह (स्वतः उजळणाऱ्या) पट्ट्या प्रतिबिंबात झकास दिसतात, फक्त बारीक आणि फार प्रखर केल्या की भोवती मुंग्या आल्यासारखी खरखर सुरू होते. पट्टी रुंद करून तीव्रता उतरवली की ती शमते.